ज्यानं मेन पाडली, त्यानंच उचलावी

लोणारच्या आमच्या घरमालकांच्या लेखी अंधाराचे दोन प्रकार होते. वीज ‘जाते’ ती सरकारची करणी. तिच्यापुढे माणसानं काही बोलू नये, वर्तमानपत्राची घडी घेऊन ओट्यावर वारा घालत बसावं. पण मेन ‘पडते’ ती घरातल्याच कोणाची तरी करणी, आणि तिची चौकशी झालीच पाहिजे.

जिन्याखाली एक लोखंडी पेटी होती, तिच्यात काळा खटका. तीच मेन. घरातल्या तीन बिऱ्हाडांनी मिळून फार भार टाकला, की तो टक्कन खाली यायचा आणि सगळं घर गुडूप. इतर कुठल्याही घरात अशा वेळी जो जवळ असेल तो उठतो, खटका वर करतो आणि परत टीव्हीसमोर येऊन बसतो. आमच्याकडे असं कोणी केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं सामान ओट्यावर दिसलं असतं.

“आधी कसूर कोणाचा ते ठरू द्या सर, मंग उजेड,” असं ते म्हणायचे. उजेड ही त्यांच्या मते घाई करण्याची गोष्ट नव्हती.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तोच मुळी एका गैरसमजातून. साताऱ्याकडून बदली होऊन ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आलो होतो. (हा विषय लक्षात ठेवा. पुढे माझी शोभा होणार आहे, तेव्हा लागेल.) खोल्या पाहायला गेलो तर हे गृहस्थ पांढऱ्याशुभ्र धोतरात खुर्चीवर ताठ बसलेले. काय करत होता विचारलं, तर डोळे मिटून म्हणाले, “उभी हयात कोर्टात गेली.” एवढ्यावरून मी त्यांना न्यायाधीश ठरवून टाकलं. स्टाफरूममध्ये सांगितलं, गावी कळवलं. माझ्या सासऱ्यांचा बांधावरून भाऊबंदांशी जुना वाद; ते पुढच्याच आठवड्यात कागदांचं बाड काखोटीला मारून हजर. काकाजींनी (त्यांना सगळं लोणार काकाजीच म्हणायचं) सगळी हकिगत अर्धे डोळे मिटून ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, “पुढची तारीख घ्या.” सासरे खूश. म्हणाले, “वकिलानं इतक्या वर्षांत एवढा स्पष्ट सल्ला दिला नव्हता.”

मागच्या खोलीत एसटीचे कंडक्टर राहायचे, मास्तर. त्यांनी मला सावकाश खरं सांगितलं. काकाजी कोर्टाच्या दाराशी उभं राहून पुकारा करणारे शिपाई होते. वादी-प्रतिवादींच्या नावानं ‘हाजिर हो’ ओरडायचं, एवढंच काम. उभी हयात कोर्टात गेली हे खरंच होतं, कारण बसायला तिथं कोणी सांगितलंच नव्हतं.

ती सगळी वर्षं दाराशी उभं राहून आत काय चालतं ते त्यांनी ऐकलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी जिन्याखाली आपलं कोर्ट काढलं.

मेन पडली रे पडली की आधी त्यांची काळी टोपी डोक्यावर चढायची. मग ते पेटीखाली स्टूल मांडून बसत, हातात बॅटरी. आणि मग तो पुकारा. “मागच्या खोलीवाले मास्तऽऽर, हाजिर होऽऽ.” दोन गल्ल्या पलीकडचे लोक सांगत, काकाजींची मेन पडली वाटते. नियम असा की त्या क्षणी हातात जे असेल ते घेऊन यायचं. तो मुद्देमाल. माझी बायको अर्धवट वाटलेल्या चटणीसकट मिक्सरचं भांडं घेऊन उभी. मास्तर गालाला साबण लावून. मी वहीवर काढलेली अर्धी प्रश्नपत्रिका धरून, कारण विजेचं काहीच वापरत नव्हतो. तरी सुटका नव्हती. “ट्यूबलाइट तर लावेल व्हती ना सर? मंग या.”

पुढची पद्धत मात्र, मी कबूल करतो, शास्त्रशुद्ध होती. सगळ्या खोल्यांची बटणं बंद करायची, मग मेन वर करून पाहायची, मग एकेक बटण चालू करत जायचं. ज्याच्यापाशी ती पुन्हा पडेल तो गुन्हेगार. पुस्तकातही असंच दिलेलं असतं, फक्त पुस्तकात त्याला पाच मिनिटं लागतात. काकाजी प्रत्येक वस्तूला म्हणणं मांडायची संधी देत. “आता मिक्सरले बोलू द्या,” म्हणत आणि मिक्सर घरघरत असताना डोळे मिटून ऐकत. निकाल लागला की शिक्षा ठरलेली: ज्यानं मेन पाडली, त्यानंच शेवटी ती उचलायची, आणि सगळ्यांना चहा करून पाजायचा.

एकदा आमची इस्त्री पकडली गेली. मी जिन्याच्या भिंतीवर कोळशानं आकृती काढून समजावलं, की काकाजी, भार सगळ्यांचा मिळून होतो. कूलर, फ्रिज, मोटर आधीच चालू होते. इस्त्री फक्त शेवटी आली. तेव्हा कसूर कोणा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे. त्यांनी बॅटरीच्या उजेडात आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, “असं म्हणलं तर देशातले सारे कोर्ट बंद पडतीन सर. दूध आणा.”

वायरमननं एकदा सुचवलं होतं, मोठा खटका बसवून टाकू, पडणारच नाही. काकाजींनी त्याला चहाही न देता वाटेला लावला. तार तीच जुनी, खटका मोठा, म्हणजे खटका पडायच्या ऐवजी तार पेटायची, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. “हा घराचा कोतवाल हाय. कोतवालाले कानाडोळा करायले शिकवलं तर चोर कोण धरंल?”

चौकशीचं त्यांना इतकं वेड की गावाचं सरोवरही त्यातून सुटलं नव्हतं. लांबून लांबून लोक ते पाहायला येतात, उल्का पडून झालेलं म्हणून फोटो काढतात. काकाजी काठावर उभे राहून पाहुण्यांना म्हणत, “एवढं मोठं काही पडलं, पण कोणी पाडलं, काऊन पाडलं, आजलोक चौकशी नाही लागली.”

आता या सगळ्यात एक दुखरी जागा होती. त्यांचा मुलगा.

तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. एकुलता एक, स्वभावानं चांगला, आणि चांगल्या मुलांसारखाच काळजीनं आईबापांचा जीव खाणारा. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल. एकदा नेमकी त्याच वेळी मेन पडली. पडद्यावर काळोख, त्यात बापाचा पुकारा, आईचा खोकला आणि कसलं तरी भांडं पडल्याचा आवाज. पोरगा घाबरला. मग त्यानं धोशाच लावला. घर जुनं, वायरिंग जुनं, तुम्ही म्हातारे, अंधारात स्टुलावर चढता. घर विकून टाका आणि पुण्याला चला. त्यानं एक दलालही पाठवला होता. तो पायांनी अंगण मोजून गेला. शेवटी मुलानं निक्षून सांगितलं: दसऱ्याला येतो आहे, आणि आल्यावर पुन्हा मेन पडलेली दिसली, तर परत जाताना तुम्हा दोघांना गाडीत घालूनच नेईन.

काकाजी मेनसमोर कोणाला भ्यायचे नाहीत, पण पुण्याला भ्यायचे. मला म्हणाले, “तिथं घरात माणसं दोन अन् तेबी दिवसभर बाहीर. मेन पडली तर म्या कोणाले हाजिर करू?”

तेव्हापासून आमचं सगळं घर खोटं बोलायला शिकलं. कॉल चालू असताना मेन पडली की मी पळत जाऊन काकाजींच्या तोंडावर बॅटरी धरायची. त्यांच्या बायको, आमच्या काकू, मागून सुपानं वारा घालत, म्हणजे काकाजींचे केस हलावेत आणि पंखा चालू आहे असं दिसावं. “आज उजेड कमी का?” मुलानं विचारलं, तर काकाजी म्हणत, डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं. त्या दिवसांत चौकशी कुजबुजत व्हायची आणि पुकारा तर काकाजी हातवाऱ्यांनी करत. न ओरडता ‘हाजिर हो’ म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा मी तेव्हाच पाहिला. जेवायला बसवून कोणी आपले घास मोजावेत तसा तो चेहरा व्हायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगा आणि सून आले. सकाळी शस्त्रपूजा. काकाजींच्या घरचा रिवाज असा की दसऱ्याला जे पूजलं, त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला सुट्टी. म्हणून शहाणे लोक नको असलेली वस्तू पुढे करत. मास्तरांनी तिकिटाचं मशीन खिशात ठेवून तिकिटं टोचायचा जुना चिमटा पूजेला मांडला. माझ्या बायकोनं पोळपाट-लाटणं मांडलं आणि दिवसभर मला भात खायला घातला. काकाजी मात्र दरसाल मेनची पूजा करत. पेटीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि खटक्याला लालपिवळा नाडा.

त्या सकाळी तो नाडा ढिला लोंबत होता. तो पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असे प्रकाश माझ्या डोक्यात वर्षातून एकदोनदा पडतात आणि प्रत्येक वेळी बायकोला माहेरी कळवावं लागतं. मी विचार केला, खटका खाली पडतो म्हणून वीज जाते ना? मग तो पडूच दिला नाही तर? पूजा पुरी व्हायच्या आतच मी तोच नाडा खटक्याला गच्च आवळला, पेटीच्या वरच्या कडीला फिरवून तीन गाठी मारल्या. आता भूकंप झाला तरी खटका खाली येणार नव्हता. आणि मी पदार्थविज्ञान शिकवतो.

काकाजींनी ते पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. “शेवटी शिकेल-सवरेल माणूस तो शिकेल माणूस,” म्हणाले. आयुष्यात मला मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र, आणि तेही संध्याकाळपर्यंतच टिकलं.

दिवस छान गेला. मुलगा दोनतीनदा जिन्याखाली डोकावून गेला. खटका हारतुऱ्यांत ताठ उभा. काकाजी त्याच्या मागे मागे फिरत म्हणत होते, “पाह्य, आहे का काही?” संध्याकाळी आपट्याची पानं देऊन झाली. आम्ही सगळे त्यांच्याच बैठकीत बसलो होतो. ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून दोन कूलर चालू, दारावर दिव्यांची माळ, टीव्ही, फ्रिज, वर टाकीची मोटर. मुलानं आईसाठी पुण्याहून एक पेटी आणली होती, तेलाशिवाय तळणारी. सून कौतुकानं म्हणाली, आई, यात भजी करून दाखवते. काकू म्हणाल्या, बिनतेलाच्या भज्याला भजं म्हणायचं तरी कसं, पण कर.

जिन्याखालून अगदी हलकं टक् झालं. आणि सगळीकडे अंधार.

काकाजी बॅटरी घेऊन धावले, मागे मुलगा, मागे आम्ही. बॅटरीचा झोत पेटीवर पडला. खटका वर. हार जागेवर. नाडा गच्च. काकाजींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की झेंडूची एक पाकळी हलली.

“पडली नाही,” ते म्हणाले. “गेली.”

मुलगा दारापर्यंत जाऊन आला. “बाबा, समोरच्यांचे लाइट आहेत. बाजूच्यांचेही आहेत.”

 वीज गेली नव्हती आणि मेन पडली नव्हती. असा अंधार काकाजींनी पाहिलाच नव्हता. हा कोणत्या कलमात बसवावा हेच त्यांना कळेना. मुलाचा आवाज मऊ झाला. त्याच मऊपणाची आम्हाला भीती होती. “बाबा, आता तरी ऐका. वायरिंगच गेलंय आतून. उद्या काही पेट घेतला म्हणजे? दोघंच जण आहात तुम्ही इथं. हे असं नाही चालणार. सामान बांधा.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकाजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग खुंटीवरची काळी टोपी काढून डोक्यावर चढवली, स्टूल ओढलं, आणि किती महिन्यांनी तो पुकारा घुमला. “सारेच्या साऽऽरे, हाजिर होऽऽ.”

सगळे जिन्यापाशी उभे असतानाच पुकारा झाला, तरी आम्ही दोन पावलं मागे जाऊन पुन्हा हजर झालो. रीत ती रीत.

पण चौकशी करायची कशी? ज्याच्यावर पडल्याचा आरोप, तो सगळ्यांसमोर उभा. मास्तरांनी हळूच सुचवलं, तारीख द्या. आणि त्याच वेळी मला आठवलं. असा खटका बाहेरून धरून ठेवला, बांधून ठेवला, तरी भार जास्त झाला की आतला जोड सुटतोच. बाहेरचा दांडा नुसता दाखवायला उभा राहतो. तो बनवणाऱ्यांनी मुद्दामच तशी सोय केलेली असते. जगात माझ्यासारखे लोक आहेत हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवतो. मुलं लिहून घेतात. मी नव्हतं घेतलं.

मी हात वर केला. “काकाजी, ती पडलेलीच आहे. उभी दिसते, पण आतून पडलेली आहे.”

“म्हंजे आमच्या डेपोतल्या साहेबासारखी,” मास्तर म्हणाले.

“बांधली कोणं?” मुलानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बायको तर दोन पायऱ्या वर सरकली, उगाच ओळख निघायला नको.

म्हटलं, नाडा सोडायचा, खटका आधी पूर्ण खाली न्यायचा, मग वर करायचा. लागलीच उजेड येईल. मुलगा कात्री घेऊन पुढे झाला. काकाजींनी त्याचा हात धरला. “पूजेचा हाय. उद्यापावेतो हात नाही लावायचा.”

“बाबा, अंधारात बसायचं का मग उद्यापर्यंत?”

 नियम मोडला तर काकाजींचं कोर्ट गेलं; पाळला तर घर गेलं. एवढी अडचण त्यांनी कोर्टाच्या दाराशीसुद्धा कधी पाहिली नसावी. मग ते उठले, चपला काढल्या आणि म्हणाले, “अहो, अक्षता आणा.”

काकूंनी अंधारातून तांदूळ आणले. काकाजींनी गणपतीच्या उत्तरपूजेला टाकाव्यात तशा मेनवर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “पुनरागमनाय च.”

मेनला पुन्हा ये म्हणणारा माणूस जगात दुसरा नसेल. पहिल्यांदा सून हसली. मग मास्तर, मग आम्ही सगळेच. काकाजी हसले नाहीत. त्यांनी आपल्या हातांनी नाडा सोडला (तीन गाठींना जो वेळ लागला तो मी आजवर जगलेला सगळ्यात लांब वेळ), आणि मूर्ती जागची हलवावी तसा तो खटका हळूच पूर्ण खाली ओढला. आत काहीतरी कट् करून बसलं. “हलवलं,” ते म्हणाले. “विसर्जन झालं. आता सुट्टी नाही त्याले.”

मग ते स्टुलावर बसले आणि मुलाकडे न पाहता विचारलं, “त्या क्षणी शेवटी काय लावलं व्हतं?”

सून पुढे आली. तिच्या हातात त्या बिनतेलाच्या पेटीचा कप्पा होता, आत अर्धी कच्ची भजी. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती मुद्देमाल घेऊन आली होती. “मी लावलं, बाबा.”

“तिनं नाही,” मुलगा म्हणाला. “आणलं मी. लावायलाही मीच सांगितलं.”

काकाजींनी टोपी सारखी केली. मी एवढा अधाशी चेहरा एखाद्या न्यायदात्याचा पाहिला नाही. “कबूल?”

“कबूल.”

“मंग भज्याच्या पेटीचं बटन काढ, अन् मेन उचल.”

मुलानं जाऊन प्लग काढला, परत आला, खटका वर केला. घर उजळलं. टीव्ही मध्येच बोलू लागला. आणि शिक्षा बाकी होतीच. तो कंपनीत किती लोकांवर साहेब होता कोण जाणे, इथं त्याला चहाची पातेली कुठं असते तेही आईला विचारावं लागलं. चहा फार गोड झाला. मास्तर दोनदा प्याले. आम्ही सगळे जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो, आणि मुलगा कप भरता भरता बापाला विचारत होता, की मागच्या वेळी कोणं पाडली होती. मग काकाजी सांगत बसले. सुपाचा वारासुद्धा सांगून टाकला. मला वाटलं आता बिनसलं. पण तो फक्त आईकडे पाहून म्हणाला, “म्हणून तुझे हात दुखत होते व्हय.”

बांधाबांधीचं त्या संध्याकाळी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. गाडीच्या मागच्या सीटवर म्हातारा-म्हातारी नव्हती. तिथं ती बिनतेलाची पेटी ठेवली होती, तिला बेल्ट लावलेला.

पुढे माझी चिखलीला बदली झाली. गेल्या दिवाळीत काकाजींना भेटायला गेलो. नव्या भाडेकरूंनी माझी ओळख आधीच ऐकली होती. दोघंतिघं जिन्यातून वाकून पाहून गेले, नाडावाले सर ते हेच का म्हणून. फराळ पुढ्यात आला तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल. पडदा काळा. त्या काळोखात मुलाचा चेहरा खालून उजळलेला. कोणी तरी त्याच्यावर मोबाइलचा उजेड धरला होता.

“बाबा, पडली. वॉचमन वर करायला आला होता, त्याला थांबवलंय. म्हटलं आधी तुम्हाला...”

काकाजींनी काकूंना खूण केली. काकूंनी काळी टोपी आणून दिली. त्यांनी ती घातली, मोबाइल तांब्याला टेकवला, घसा साफ केला. पुकारा असा दिला की पुण्याला तो फोनशिवायही पोचला असता. पडद्यात सून आली, हातात तोच कप्पा. मागून गीझरही कबूल झाला. मुलानं खटका उचलला, पडदा उजळला, त्यांच्या घरातल्या पांढऱ्या भिंती दिसल्या. चहाचं आधण ठेवल्याचंही काकाजींनी डोळ्यांनी पाहून घेतलं.

मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “पाह्य बाप्पा, दर महिन्याले पडते तुही मेन. दोघंच जण हा तुमी तिथं. हे असं नाही चालणार. सामान बांधा.”